यॉर्कटाउनला किती जण

“बॉस्टन आधी की फिलाडेल्फिया आधी, तेवढं बोला मुकुंदराव,” नाना म्हणाले.

डायनिंग टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार वजनं होती. चष्म्याचं घर, औषधांचा डबा, अडकित्ता आणि लोणच्याची बरणी. बरणी फ्लोरिडावर होती. तिकडे क्रांतीचं काही घडलं नाही, असं नानांचं मत, म्हणून ती तिथे चालत होती.

“मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही ठरवाल ते.”

“मैथिली म्हणते बॉस्टन आधी. तिथे चहा समुद्रात टाकला, तिथून भांडण पेटलं. क्रमानं जायचं. यॉर्कटाउन शेवटी, कारण इंग्रजांनी शस्त्रं तिथे खाली ठेवली. शिवाय तिथून जयवंताचं घर तासाभरावर. म्हणजे क्रांती संपवून रात्री घरी जेवायला.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तिचा फोन नाही आला आज.”

“परीक्षा चालू आहेत ना तिच्या.”

“मागच्या रविवारीही नव्हता.”

“तिकडच्या परीक्षा लांबतात,” मी म्हटलं.

मी पुण्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. माहीत नसलेली गोष्ट ठामपणे सांगण्याचा मला पगार मिळत असे. नानांनी मान डोलावली आणि पेन्सिलीनं बॉस्टनभोवती गोल काढला.

मैथिली म्हणजे नानांची एकुलती नात, माझा मेव्हणा जयवंत याची मुलगी. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे वाळुंज घराण्याची सगळी नातवंडं ती एकटीच होती. व्हर्जिनियात रिचमंडला जन्मली, तिथेच वाढली. शाळेत तिला मॅडी म्हणतात हे कळल्यावर नाना दोन दिवस कमी जेवले होते. नाना वडगाव मावळच्या हायस्कुलात इतिहासाचे मास्तर, निवृत्त झालेले. दर रविवारी आजोबा आणि नात संगणकावर समोरासमोर बसून इंग्रजांना हरवायचे. ती तिकडून, हे इकडून. त्यातूनच ही ट्रिप निघाली. जूनमध्ये सगळ्या कुटुंबानं जायचं आणि अमेरिकेची क्रांती जागेवर जाऊन पाहायची. बेत तिनं आखला होता. नाना फक्त हरकती घेत होते.

मागच्या रविवारच्या दोन दिवस आधी पोहण्याच्या सरावाहून घरी येताना तिच्या मैत्रिणीची गाडी रस्त्यावरच्या बर्फावरून घसरली. मैत्रीण वाचली. मैथिली दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली.

हे नानांना आणि सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या सासुरवाडीत निर्णय एकमतानं होतात, म्हणजे सगळ्यांना पटेपर्यंत कोणी फोन ठेवत नाही. नानांची बायपास येत्या गुरुवारी पुण्यात ठरलेली होती. बायकोचा आतेभाऊ सुहास डॉक्टर आहे. तो म्हणाला, आत्ता सांगितलंत तर मामा टेबलापर्यंत पोचणार नाहीत. सुहास डोळ्यांचा डॉक्टर, पण डॉक्टर. मग ठरलं की ऑपरेशन होऊन महिना जाऊ द्यायचा. सुतक बातमी कानावर आल्यापासून धरतात, हेही सुहासनंच कुठूनसं विचारून आणलं. ज्यांना सांगितलं नाही त्यांना सुतक नाही. विज्ञानाची आणि धर्माची अशी एकदम परवानगी मिळाल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटलं.

राहिला प्रश्न वडगावला जाऊन चेहरा दाखवायचा. जयवंत म्हणाला, मला नानांशी खोटं बोलता येणार नाही, म्हणून मी फोनच करत नाही. आजारी आहे म्हणून सांगा. माझी बायको हेमांगी म्हणाली, मी आईकडे नुसतं पाहिलं तरी फुटेन. मला ताप आहे म्हणून सांगा. मग सगळ्यांना मी दिसलो. जावयाला सासरी कोणी उलट विचारत नाही. तो काय बोलेल ते ऐकून घेतात आणि वर ताटात वाढतात. पंधरा वर्षं मी या प्रथेचा फायदा घेतला होता. आता प्रथेनं माझा घेतला.

मला एक कामही नेमून दिलं होतं. नानांना ऑपरेशनच्या आधी बुकिंग करून टाकायचं होतं. “म्हणजे भूल उतरल्यावर उठायला कारण राहील,” असं त्यांनीच फोनवर सांगितलेलं. संध्याकाळी एजंट घरी येणार होता. इथून आम्ही चौघं, तिथून तिघं. एजंटनं विचारलं की सात सांगायचं, आवाज बदलू द्यायचा नाही, पुढचं पुढे. समितीचा तसा ठराव होता.

पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. कोपऱ्यात देव्हारा. देवांवरची फुलं वाळून तपकिरी झाली होती आणि समईत वात नव्हती. शेगडीकडे पाहिलं. वालाची उसळ, भात. जावई आला आणि गोडाचं काही नाही, असं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

“गुडघा,” सासूबाई म्हणाल्या.

मी काहीच विचारलं नव्हतं.

“गुडघ्यामुळं काही करता आलं नाही. शिरा करणार होते.” भाकरी तव्यावर पडली. त्यावरून पाणी फिरवता फिरवता, माझ्याकडे पाठ ठेवूनच त्या म्हणाल्या, “मला कळलंय.”

“काय?”

“नका आता. दमला असाल तुम्ही पण.”

मी तांब्या खाली ठेवला.

“शर्वरीचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. शर्वरी म्हणजे त्यांची सून, मैथिलीची आई. “बोलली काहीच नाही. मी पण नाही बोलले. दोघी फोन धरून बसलो. शेवटी नुसतं ‘आई’ म्हणाली आणि ठेवला. तिच्या तोंडून असं ‘आई’ मी कधी ऐकलं नव्हतं. जयवंताला काही झालं असतं तर ती बोलली असती. पोरीचंच असणार.” त्यांनी भाकरी उलटली. “कशानं गेली?”

“गाडीत. अपघात झाला.”

“कोण चालवत होतं?”

“मैत्रीण.”

“जोरात?”

“बर्फ होतं रस्त्यावर.”

“सावकाश चालवायची मग,” सासूबाई म्हणाल्या. जणू मैत्रीण तिथे उभी होती आणि अजून वेळ गेलेली नव्हती. भाकरी फुगली. त्यांनी ती टोपलीत टाकली आणि दुसरा गोळा घेतला. “ह्यांना कळू द्यायचं नाही. गुरुवार होऊ दे.”

“नाहीच सांगत.”

“आणि हेमाला सांगू नका मला कळलंय म्हणून. तिला वाटू दे आई सुखात आहे. खरंच ताप आहे का तिला?”

“नाही.”

“वाटलंच.” हात थांबले आणि परत चालू झाले. “घरात सुतक आणि हे रोज देवांना अंघोळ घालणार. मग मी म्हटलं, डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय, पूजा बंद. लगेच ऐकलं बघा. लग्न झाल्यापासून माझं एक ऐकलेलं नाही या माणसानं, हे मात्र लगेच. घाबरलेत ऑपरेशनला. दाखवत नाहीत.”

मी बाहेर आलो. आत जाताना माझ्याकडे एक गुपित होतं, येताना दोन झाली. नाना नकाशावर ओणवे होते. डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेला माणूस फिलाडेल्फिया शोधण्यासाठी कमरेत पार दुमडला होता.

“घंटा बघायची का?” त्यांनी विचारलं. “फिलाडेल्फियाला एक घंटा आहे. तडा गेलेली. मैथिली म्हणते ती बघायलाच पाहिजे. मी म्हटलं, तडा गेलेल्या वस्तू बघायला एवढ्या लांब कशाला?”

“मग ती काय म्हणाली?”

“म्हणाली, नाना, तुम्ही पडलेले किल्ले बघत नाही का?” ते थोडं हसले. “घ्या घंटा.”

दुपारी जेवणं झाली. चार वाजता नानांनी टोपी घातली आणि पिशवीत नारळ टाकला. “चला, फाकड्याकडे जाऊन येऊ.”

याला थोडी माहिती लागेल. अमेरिकेत लढाई चालू होती त्याच काळात, सतराशे एकोणऐंशीच्या जानेवारीत, मुंबईहून पुण्यावर निघालेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी वडगावाशी कोंडून शरण आणलं. त्या मोहिमेत मेलेल्या एका इंग्रज कप्तानाची समाधी गावात पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. लोक त्याला इष्टूर फाकडा म्हणतात. शत्रू होता, पण आता इतकी वर्षं इथेच आहे म्हटल्यावर गावातलाच झाला. लोक त्याला नारळ फोडतात. नाना दर जानेवारीत फोडत. आपण जिंकलो म्हणून नव्हे, तर तो बिचारा घरापासून लांब मेला म्हणून, असं ते वर्गात सांगायचे.

चालताना ते हळू चालले होते. थांबायचं असलं की काहीतरी सांगायला सुरुवात करत, म्हणजे दम लागल्याचं दिसत नसे.

“मैथिलीनं मला एक प्रश्न घातलाय,” एका खांबाशी थांबून ते म्हणाले. “म्हणते, नाना, आम्ही जिंकलो तर इंग्लिश लोक निघून गेले. तुम्ही पण जिंकलात, मग ते तुमच्याकडून गेले का नाहीत?”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, थोडं लांबलं. पोरगी हसायला लागली. पुरं उत्तर यॉर्कटाउनला उभा राहून देणार होतो. काढलंय मी ते सगळं.” ते चालू लागले. “यॉर्कटाउनला काय झालं माहितेय? इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस. हरला. आता तलवार द्यायची वेळ आली, तर हा म्हणाला मी आजारी आहे. स्वतः आलाच नाही. हाताखालच्या माणसाला पाठवलं.”

मी वाटेतला एक दगड चुकवला.

“मला त्या दुसऱ्याची दया येते. त्याचा काय दोष? सगळ्यांदेखत दुसऱ्याची तलवार घेऊन उभा. काय वाटलं असेल त्याला?”

“अवघडच,” मी म्हटलं.

“तर. बरं, वॉशिंग्टननं तरी घ्यावी? नाही घेतली. हाताखालच्याकडून मी घेणार नाही म्हणाला. शेवटी यांच्या दुय्यमानं त्यांच्या दुय्यमाकडून काय ते उरकलं. मोठे दोघे समोरासमोर आलेच नाहीत.” नाना खोकले. “आणि त्या आजारी माणसाला पुढे बढती देऊन आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून पाठवला. बरा झाला वाटतं.”

“तुमचा अभ्यास दांडगा आहे नाना.”

“वेळ आहे हो. जयवंतानं संगणक दिला, मैथिलीनं शिकवला. आता रोज पहाटे रिचमंडचं वर्तमानपत्र वाचतो. हवामान कळतं तिथलं. यंदा थंडी फार आहे, रस्त्यावर बर्फ असतं.”

“हो का,” मी म्हटलं. आवाज बदलू दिला नाही.

ठाण्याच्या फाटकाशी आलो. ओळखीच्या हवालदारानं “या सर” म्हणून आत बोलावलं. नाना तिथेच थांबले. पिशवीतून नारळ काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“तुम्ही फोडा.”

“तुम्ही नाही येत?”

“आज नको मला. तुम्हाला चालेल.”

मी आत जाऊन नारळ फोडला. तिसऱ्या फटक्याला फुटला. बाहेर येऊन खोबऱ्याचा तुकडा पुढे केला, तर नानांनी हात मागेच ठेवले.

“डॉक्टरांनी खोबरं बंद केलंय,” ते म्हणाले.

आजारी माणसाला किती गोष्टी बंद होतात, असं मनात म्हणून तो तुकडा मी खाल्ला. परत निघालो. शेताच्या कडेला, जिथे लढाई झाली असं ते शाळेच्या मुलांना दाखवत, तिथे खाली पाहून एवढंच म्हणाले, “इथली चिमूटभर माती न्यायची होती यॉर्कटाउनला. मैथिली म्हणाली, नाही चालत, विमानतळावर पकडतात.” आणि पुढे निघाले.

एजंट दिवेलागणीला आला. घरात दिवा मात्र लागलेला नव्हता, ट्यूबलाइट तेवढी लावली होती. एजंटचं नाव पोटे. तळेगावात त्याचं ऑफिस होतं आणि तो नानांचाच विद्यार्थी, इतिहासात दोनदा नापास झालेला. आता तेवढ्याच आत्मविश्वासानं लोकांना ऐतिहासिक स्थळं दाखवत असे. नकाशावर, पश्चिमेकडच्या ओसाड भागात, त्यानं लॅपटॉप उघडला.

“सर, झकास रूट काढलाय तुम्ही. आमच्याकडचे लोक नायगारा सोडून काही मागतच नाहीत. यात नायगारा घालू का?”

“नायगाऱ्यात क्रांती झाली का?”

“नाही सर.”

“मग नको.”

सासूबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि आत न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांची नजर माझ्यावर होती. तिचा अर्थ मला कळत होता. आता चुकू नका.

“विमानाची चार, बरोबर?” पोटेनं विचारलं. “सर, काकू, जावईसाहेब आणि ताई. व्हिसाचं मी बघतो. तिकडे गेल्यावर हॉटेलं आणि गाडी. गाडी ड्रायव्हरसकट पाहिजे म्हणाला होता.”

“हो. जयवंताला चालवू द्यायची नाही. चालवायला बसला की तो ऐकत नाही काही,” नाना म्हणाले.

“मग तिकडे एकूण माणसं किती?”

मी तोंड उघडलं. दिवसभर तेवढा एक शब्द तयार ठेवला होता. सात. पण आधी मी घोटभर चहा घ्यायला थांबलो.

“सहा,” नाना म्हणाले.

पोटेची बोटं थांबली. “सर, फोनवर सात म्हणाला होता तुम्ही. मी तसं टाकून ठेवलंय.”

“सहा करा.”

“कोण गळलं?”

नानांनी औषधांचा डबा उचलून नकाशाच्या कोपऱ्यावर परत नीट ठेवला, होता तिथेच. “नातीला जमणार नाही,” ते म्हणाले.

पहाटे वाचायच्या त्या रिचमंडच्या वर्तमानपत्रात हवामानाखेरीज इतरही बातम्या छापत असणार, ही गोष्ट आमच्या समितीत कोणाच्या लक्षात आली नव्हती. जन्मभर मुलांना एकाच साधनावर विश्वास ठेवू नका म्हणून बजावणाऱ्या माणसापासून आम्ही बातमी लपवून ठेवली होती. बंद पडलेली पूजा मला आठवली. लगेच ऐकलं बघा. फाटकाबाहेर मागे ठेवलेले हात आठवले, आणि या सुतकाचं बंधन जावयाला नव्हतं, हेही.

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. नानांनीही पाहिलं नाही. चौकटीशी बांगड्या एकदा वाजल्या, तेवढंच.

“बरं झालं सर,” पोटे टाइप करता करता म्हणाला. “सात म्हणजे मोठी व्हॅन घ्यावी लागली असती. सहा जण आणि ड्रायव्हर, साध्या सात सीटच्या गाडीत बसतं. अगदी मापात.”

“हं,” नाना म्हणाले.

मग सासूबाई दारातून पुढे आल्या. त्या घरात परका माणूस बसलेला असताना त्या कधी खुर्चीवर बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी नानांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. लोणच्याची बरणी फ्लोरिडावरून उचलून मांडीवर घेतली. फ्लोरिडाचा कोपरा सुटून वर गुंडाळला गेला, तो नानांनी तळहातानं दाबून धरला. सासूबाईंनी आपला हात त्या हातावर ठेवला. नकाशा उडू नये म्हणून ठेवावा, तसा.

“पोटे,” त्या म्हणाल्या, “ड्रायव्हर तेवढा सावकाश चालवणारा बघा.”

“काकू, तुम्ही काळजीच करू नका,” पोटे म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. “आपल्यासारखं नाही तिकडे. नियम फार कडक. तिकडे सगळेच सावकाश चालवतात.”

“हो का,” सासूबाई म्हणाल्या.

नानांनी मान हलवली. “लिहा तरी,” ते म्हणाले. “सावकाश म्हणून लिहा.”